नवीन इंजिन, दुसरा कॅम आणि परत तीच टिकटिक

लक्षण आधी सांगतो. जुन्या अमेरिकन मसल कारमध्ये नवं बांधलेलं व्ही-एट बसवलं. पहिले शे-दोनशे मैल इंजिन लोण्यासारखं चाललं. मग एका बाजूने बारीक टिकटिक सुरू झाली. रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी छोटी तरफ, घट्ट केला, आवाज गेला. चार दिवसांनी परत आला, जरा मोठा होऊन. परत घट्ट केला. मग ताकद कमी वाटायला लागली, पाय दाबला की कार्ब्युरेटरमधून फट्‌फट्. शेवटी इंजिन उघडलं, तर कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, एक लोब (त्यावरचा उंचवटा) सपाट झालेला. नवा कॅम टाकला, नवे टॅपेट (लोबवर टेकून वरखाली होणारे दट्टे) टाकले, आणि या खेपेला टिकटिक पन्नास मैलांतच हजर.

हे वाचून ज्यांना आपलीच गाडी आठवली त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डेट्रॉइटजवळ राहतो. पोटापाण्याचा धंदा गाड्यांचाच, पण नोकरीत माझा संबंध येतो तो कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या व्हॉल्व्हशी. हाताला ग्रीस लागतं ते शनिवार-रविवारी, आणि तेही बहुतेक मेहुण्याच्या गाडीचं. त्याची १९७० ची शेव्हेल मालिबू. मूळचं ३०७ क्युबिक इंचाचं इंजिन थकलं होतं, म्हणून त्याने एका ठिकाणाहून ३५० बांधून घेतलं. ब्लॉक सत्तरच्या दशकातला, आतला माल सगळा नवा. त्या इंजिनात आम्ही दोघांनी मिळून दोन कॅम खाल्ले. तिसरा टिकला. इंजिन बांधणाऱ्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती, दोन्ही वेळचे पराक्रम आमचेच.

हा रोग कोणाला होतो

सपाट बुडाचे टॅपेट असलेल्या इंजिनाला. इथे अमेरिकेत त्याला लिफ्टर म्हणतात, मी आपला टॅपेटच म्हणतो. फोर्डच्या मस्टँगमधल्या ५.० लिटरला १९८५ साली आणि शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकला गाड्यांमध्ये १९८७ साली रोलर टॅपेट आले, म्हणजे टॅपेटच्या बुडाला छोटं चाक. चाक लोबवरून गडगडत जातं, घासत नाही. त्यानंतरची जनरल मोटर्सची एलएस घराण्यातली इंजिनं, क्रायस्लरची २००३ नंतरची हेमी ही सगळी रोलरवाली. तुम्ही जुन्या कमॅरोत नवं कोरं एलएस-थ्री टाकलं असेल आणि टिकटिक येत असेल, तर तिचं कारण दुसरं असणार, हे सगळं तुमच्यासाठी नाही. पण शेव्हरोलेचं स्वस्तातलं क्रेट इंजिन (खोक्यात तयार मिळणारं नवं इंजिन), ते २९० हॉर्सपॉवरचं ३५०, त्यात टॅपेट सपाटच. आणि मूळ ब्लॉक ठेवून कोणी जुन्या पद्धतीने बांधून दिलेलं इंजिन असेल, तर बहुधा सपाटच. खरेदी करताना हा एक प्रश्न विचारून घ्या.

सपाट म्हणतात खरं, पण तो सपाट नसतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. टॅपेटचं बूड अगदी किंचित फुगीर घासलेलं असतं, मधला भाग कडेपेक्षा साधारण पाच शतांश मिलिमीटर वर. लोबही सरळ नसतो, एका कडेकडे तेवढाच उतरता. त्यामुळे लोब टॅपेटला मधोमध न लागता जरा बाजूला लागतो आणि प्रत्येक फेरीला त्याला थोडा फिरवतो. टॅपेट फिरत राहिला तर घासण्याची जागा बदलत राहते, दोघंही लाख मैल जगतात. फिरायचा थांबला की लोब त्याच रेषेत, तोच ओरखडा काढत राहतो. सपाट टॅपेट काही तासांत, कधी काही मिनिटांत मरतो, तो असा. तेलाची चर्चा त्यानंतर.

आधी खात्री करा

टिकटिक ऐकली की लगेच कॅम काढायला धावू नका. एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असेल तर हुबेहूब असाच आवाज येतो, पण इंजिन तापलं की तो कमी होतो किंवा जातो. कॅमवर चालणारा मेकॅनिकल फ्युएल पंपही टिकटिकतो. पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं व्हॉल्व्ह कव्हरवरून फिरवा. आवाज कुठल्या सिलिंडरपाशी आहे ते पाच मिनिटांत कळतं.

सगळ्यात बोलकी खूण मात्र तो परत परत सैल होणारा रॉकर. हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबाने स्वतःच फट भरून काढतो, त्यामुळे एकदा नीट बसवलेला रॉकर महिनोन्‌महिने सैल व्हायला नको. तो आठवड्यात दोनदा सैल होत असेल तर नट फिरत नाहीये. टॅपेटचं बूड झिजतंय आणि आतल्या प्लंजरला जेवढं वर यायचं तेवढं तो येऊन चुकलाय. नाशिकला माझे एक काका ॲम्बॅसेडर चालवायचे. त्यांच्या मिस्त्रीचं म्हणणं असे की टॅपेट थोडे वाजलेले बरे, गप्प झाले तर काळजी करा. ॲम्बॅसेडरला ते लागू होतं, तिथे टॅपेटला फट ठेवावीच लागते आणि ती नाहीशी झाली की व्हॉल्व्ह जळतो. हायड्रॉलिक टॅपेटला ते लावू नका. आम्ही लावलं, आणि त्यात दोन आठवडे घालवले.

कार्ब्युरेटरमधून फटफट येत असेल तर एक्झॉस्टचा लोब गेलाय असं धरायला हरकत नाही. जळलेला वायू बाहेर जाऊ शकत नाही, इनटेक उघडला की तो उलट वर येतो.

मग डायल गेज, म्हणजे बारीक उंची मोजणारं काट्याचं गेज. कव्हर काढा, रॉकर बाजूला करा, गेजचं टोक पुशरॉडच्या (टॅपेटपासून रॉकरपर्यंत जाणाऱ्या दांडीच्या) डोक्यावर टेकवा आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, पान्याने हळूहळू फिरवा. काटा किती चढला ते लिहा, सोळाही लोबचं. आमच्या कॅमच्या कार्डावर लोबची उंची ०.३२० इंच, म्हणजे ८.१ मिलिमीटर छापलेली. पंधरा लोब ०.३१८ ते ०.३२० च्या मधले. पाच नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट: ०.२४१. मेहुणा म्हणाला, "दाजी, गेज सरकलं असेल." परत लावलं. ०.२४१.

ऑइल फिल्टरही कापून बघा. त्याचा कटर मिळतो, डबा उघडायच्या कटरसारखाच. करवत नको, करवतीचाच चुरा आत पडतो आणि मग काय कुणाचं ते कळत नाही. आतला घड्यांचा कागद सोडवून उन्हात धरा. आमच्या कागदावर करडी, भस्मासारखी बारीक चकाकी होती. लोहचुंबक फिरवला तर ती केसाळ होऊन उभी राहिली. पितळी चकाकी असती तर बेअरिंग म्हटलं असतं. ही लोखंडाची, म्हणजे कॅम आणि टॅपेट.

पहिला कॅम कसा गेला

पुण्यात वडिलांनी बजाजची स्कूटर घेतली तेव्हा रनिंग-इन संपेपर्यंत ते काटा चाळीसच्या वर जाऊ देत नसत. नवं इंजिन म्हणजे नवी सून, सुरुवातीला सांभाळून घ्यायचं, हे आपल्या रक्तात आहे. सपाट टॅपेटच्या व्ही-एटला हेच सांभाळून घेणं मारक ठरतं.

कारण असं की या इंजिनात लोबपर्यंत तेल नेणारी नळीच नाही. बेअरिंगना दाबाने तेल मिळतं, लोबना मिळतं ते खालच्या क्रँकने उडवलेलं, आणि थोडं वरून ठिबकून आलेलं. क्रँक मिनिटाला ७०० फेऱ्यांवर रमतगमत फिरत असेल तर वर पोचतात चार शिंतोडे. त्यातच कमी फेऱ्यांवर स्प्रिंगचा सगळा भार लोबच्या टोकावर येतो. वेग वाढला की तो भार उलट थोडा हलका होतो. म्हणून पहिल्यांदा चालू झालेलं इंजिन लगेच २००० च्या पुढे न्यायचं आणि वीस ते तीस मिनिटं आयडलवर, म्हणजे पाय न दाबता चालतं त्या मंद वेगावर, आणायचंच नाही. त्या अर्ध्या तासात लोब आणि टॅपेट एकमेकांना घासून जुळतात, पृष्ठभाग कडक होतो.

आम्ही काय केलं? डिस्ट्रिब्युटर १८० अंश उलटा बसवला होता. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल नव्हतं. त्यामुळे सेल मारत बसलो. दहा सेकंद, थांबा, परत दहा सेकंद, मध्ये बॅटरी चार्जला लावली, परत सेल. कॅमवर लावलेली मॉलीची (मॉलिब्डेनमची) काळी पेस्ट त्या अर्ध्या तासात पुसून गेली असणार. मग एकदाचं इंजिन चालू झालं आणि त्या आवाजाने आम्ही असे हरखलो की ते ८०० वर तसंच गुरगुरत ठेवलं. कूलंट कुठे गळतंय का ते बघितलं. व्हिडिओ काढला. बायकोला बाहेर बोलावलं. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. पाच नंबरचा लोब तिथेच, आमच्यासमोर, व्हिडिओत, मेला.

दुसरा का गेला

हा खरा प्रश्न, कारण दुसऱ्या वेळी आम्ही सगळं पाठ करून आलो होतो. ब्रेक-इनचं, म्हणजे रनिंग-इनचं, खास तेल, एका फटक्यात स्टार्ट, २२०० वर पंचवीस मिनिटं. आणि तरी परत पाच नंबर, परत एक्झॉस्ट.

तोच लोब गेला हे कळल्यावर खरं तर डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. कॅम नवा, टॅपेट नवे. जुनं एकच राहिलं होतं: ते भोक, ज्यात टॅपेट वरखाली होतो.

पहिला मेलेला टॅपेट काढताना काय झालं ते आठवलं. बाकीचे पंधरा चुंबकाने अलगद वर आले. हा येईना. लोबने ठोकून ठोकून त्याच्या बुडाची कड बाहेर पसरली होती, अळंबीसारखी. मेहुण्याने पकडीत धरला, मी हँडलवर हातोडी मारली, कर्रकन आवाज झाला आणि तो निघाला. कर्रकन जो झाला तो भोकाच्या भिंतीवरचा ओरखडा. त्या ओरखड्याची कड नव्या टॅपेटला धरून ठेवायची, वरखाली होऊ द्यायची पण फिरू द्यायची नाही. असा पसरलेला टॅपेट कधीही वर ओढू नये. खालचा तेलाचा पॅन काढायचा, कॅम बाहेर घ्यायचा आणि टॅपेट खाली ढकलून पाडायचा. काम वाढतं, पण दुसरा कॅम वाचतो.

दुसरं कारण म्हणजे पहिल्या कॅमची भुकटी. एका लोबचे पावणेदोन-दोन मिलिमीटर आणि टॅपेटचं बूड, एवढं लोखंड गेलं कुठे? फिल्टरमध्ये थोडं. पण या इंजिनात तेल पॅनमधून आधी पंपात जातं आणि मग फिल्टरमध्ये. पंपाच्या तोंडावरची जाळी फक्त मोठे तुकडे अडवते, भुकटी पंप चघळतो. शिवाय तेल थंड आणि जाड असताना फिल्टरचा बायपास उघडतो आणि तेल न गाळता पुढे जातं. आम्ही दोनदा तेल बदलून "धुतलं" असं समजलो. तिसऱ्या वेळी मेन बेअरिंग काढली तेव्हा मऊ धातूत काळे ठिपके रुतलेले दिसले, पोळीवर तीळ लावावेत तसे.

घाई का केली, तेही सांगून टाकतो. ऑगस्टचा तिसरा शनिवार जवळ आला होता. त्या दिवशी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून ड्रीम क्रूझ भरते. फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत जुन्या गाड्याच गाड्या. मेहुण्याला काहीही करून त्या रांगेत शेव्हेल न्यायची होती. गेलो. रस्त्याकडेला घडीच्या खुर्चीत बसलो, पायी.

तेलाचा वाद

कोणालाही विचारा, कॅम गेला म्हणाल तर उत्तर येतं, "हल्लीच्या तेलात झिंक नाही." अर्धं खरं आहे. झेडडीडीपी नावाचं एक रसायन, त्यात जस्त आणि फॉस्फरस. घर्षणाच्या जागी उष्णता आणि दाब आला की ते धातूवर पातळ थर चढवतं आणि लोखंडाला लोखंड भिडू देत नाही. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. म्हणून २००४ साली एपीआयचा (अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचा) एसएम दर्जा आला तेव्हा गाड्यांच्या पातळ तेलांमध्ये फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यावर, म्हणजे दहा लाख भागांत ८०० वर आणली. नव्या गाड्यांत रोलर असल्यामुळे त्यांना फरक पडला नाही. अमेरिकेत कन्व्हर्टर आले ते १९७५ च्या मॉडेलांपासून, त्याआधीच्या मसल कारमध्ये कन्व्हर्टर नाहीच, तेव्हा त्यांना जास्त फॉस्फरसचं तेल घालायला कसलीच अडचण नाही. ब्रेक-इनचं तेल घ्या, किंवा जुन्या इंजिनांसाठीचं घ्या, ज्यात हा आकडा हजाराच्या वर आहे. कंपनीच्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो. पूर्वी लोक डिझेलचं १५डब्ल्यू-४० बिनधास्त घालायचे. आता तेही बदलत गेलंय, पत्रक न बघता घालू नका.

बाजारातली झिंकची बाटली साध्या तेलात ओतायची सवय मला पसंत नाही. तेलातली मळ काढणारी द्रव्यंही त्याच धातूवर जागा धरायला धडपडत असतात. कंपनीने जुळवलेला हिशोब आपण बाटलीने बिघडवतो, आणि दुप्पट झिंक म्हणजे दुप्पट आयुष्य असं काही नसतं.

पण मला विचाराल तर चुकीच्या तेलाने मेलेले कॅम थोडे, न फिरणाऱ्या टॅपेटने आणि चुकलेल्या पहिल्या अर्ध्या तासाने मेलेले जास्त. तेलाला दोष दिला की आपल्या हातांना द्यावा लागत नाही, एवढाच त्याचा फायदा.

तिसरी खेप

इंजिन बाहेर काढून पूर्ण सुटं केलं. ब्लॉकमधल्या तेलाच्या लांब वाटांचे प्लग काढले: पुढे टायमिंगच्या गिअरमागे तीन, मागे तीन, आणि मागच्या मेन कॅपखालचा एक, जो सगळे विसरतात. तो परत बसवायला विसरलात तर मात्र तेल फिल्टर टाळूनच जाईल. या वाटांतून लांब ब्रश आणि गरम साबणाचं पाणी घालत राहायचं. पांढऱ्या फडक्याला करडं लागणं थांबेपर्यंत. आमची सहा फडकी गेली. बेअरिंगचे सेट नवे, पंप नवा.

पाच नंबरचं भोक हलकं होन करून (आतून बारीक घासून) घेतलं. मग प्रत्येक टॅपेट तेलात बुडवून आपल्या भोकात सोडून बघितला. स्वतःच्या वजनाने हळूच उतरला पाहिजे आणि बोटाने फिरवला तर कुठेही न अडकता फिरला पाहिजे. नवे टॅपेटही डोळे मिटून घेऊ नका. दोन टॅपेटची बुडं एकमेकांना लावून उजेडाकडे धरा. मध्ये टेकून कडेला फट दिसली आणि ते किंचित डुलले तर फुगवटा आहे. सोळातला एक आमच्याकडे न डुलणारा निघाला. दुकानाने बदलून दिला. आणि हे तर लहान मुलालाही सांगावं: जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीच नाहीत. त्यांचा फुगवटा आधीच्या लोबने खाऊन टाकलेला असतो.

इनटेक मॅनिफोल्ड बसवण्याआधी, रॉकर बसवून झाल्यावर, वरून दिसणाऱ्या टॅपेटच्या कडेला मार्करने एकेक रेघ मारली. मेहुण्याने पान्याने क्रँक फिरवला, मी टॉर्च घेऊन वाकलो. प्रत्येक रेघ हळूहळू सरकायला हवी. पहिल्या दोनदा पाच नंबरची रेघ बघायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. या वेळी ती घड्याळाच्या तासकाट्यासारखी सरकली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता नुसते "हं" म्हणालो.

रॉकर बसवताना एक चूक सर्रास होते. पुशरॉड बोटात फिरवत फिरवत नट घट्ट करायचा आणि फिरायचा थांबला की फट शून्य, असं सांगतात. तेलकट पुशरॉड शून्याच्या पुढेही फिरत राहतो. त्याला वर-खाली हलवून बघा. ती खुळखुळ थांबली की शून्य. तिथून पुढे नटाला अर्धा फेरा, बास. त्यापेक्षा जास्त घट्ट केलात तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

आमच्या हेडवर दुहेरी स्प्रिंगा होत्या, एकात एक. ब्रेक-इनपुरत्या आतल्या सोळा काढून ठेवल्या, म्हणजे लोबवरचा दाब कमी. त्या शेंगदाण्याच्या लोण्याच्या रिकाम्या बरणीत भरून फळीवर ठेवल्या.

मग तेल चढवणं. डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून पंपाच्या दांड्यापर्यंत पोचणारं प्रायमिंगचं साधन मिळतं, ते ड्रिलला लावून घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. साधनाला खाली जाड कॉलर आहे ना ते बघून घ्या. शेव्हरोलेच्या या ब्लॉकमध्ये तेलाची वाट डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला लगटून जाते. नुसती दांडी घातली तर तेल तिथूनच खाली सांडतं आणि उजव्या बाजूचे रॉकर कोरडे राहतात. सुरुवातीला ड्रिल मोकळं फिरतं, मग एकदम त्याचा आवाज खाली बसतो, हाताला ओढ जाणवते. पंपाने तेल धरलं. तिथून पुढे एकाने ड्रिल चालू ठेवायचं, दुसऱ्याने क्रँक हळू फिरवायचा, सोळाही रॉकरमधून तेल पाझरेपर्यंत. शेवटचा रॉकर ओला व्हायला आमच्याकडे तीन-चार मिनिटं लागली. हे काम इंजिन चालू करायचं त्याच दिवशी करा. आठवडाभर आधी केलंत तर सगळं तेल खाली उतरून जातं.

या वेळी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीतच वर आहे ना हे प्लगच्या भोकावर अंगठा धरून बघितलं, ठिणगीचं टायमिंग १२ अंश आधी ठेवलं, वायरींचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ दोघांनी वेगवेगळा तपासला. कार्ब्युरेटरच्या व्हेंटमधून छोट्या नरसाळ्याने वाटी भरली. गॅरेजचं दार सताड उघडं, रेडिएटरसमोर मोठा पंखा, हाताशी अग्निशामक.

दुसऱ्या सेलला इंजिन लागलं आणि मी लगेच २००० वर नेलं. अर्धा तास १८०० ते २५०० च्या मध्ये वरखाली करत राहिलो, म्हणजे तेल सगळीकडे वेगवेगळ्या कोनांतून उडतं. सातव्या मिनिटाला वरच्या होजमधून कूलंट ठिबकायला लागलं. अशा वेळी मोह होतो की जरा आयडलवर आणून क्लॅम्प आवळावा. आणू नका. सरळ बंद करा, दुरुस्त करा, परत चालू करून उरलेली मिनिटं पूर्ण करा. बंद इंजिन लोबला काही करत नाही. एक्झॉस्टचे पाइप लाल व्हायला लागले तर टायमिंग मागे आहे, डिस्ट्रिब्युटर जरा पुढे घ्या. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय हो जावईबापू, इंजिन नवं ना? मग एवढं का बोंबलतंय?" त्या आवाजात उत्तर देणं शक्य नव्हतं.

तेल गरम असतानाच काढलं, फिल्टर कापला. असेंब्लीच्या पेस्टचा काळपटपणा होता, चुंबकाला काही लागलं नाही. ५०० मैलांवर परत कापला, कागद स्वच्छ.

एवढं सगळं नको असेल तर जुन्या ब्लॉकमध्ये बसणारे, पट्टीने दोन-दोन जोडलेले रोलर टॅपेट मिळतात. त्यांना ब्रेक-इनचं नाटक लागत नाही. पण नुसते टॅपेट बदलून भागत नाही. कॅम वेगळा, पुशरॉड आखूड, कॅम पुढे सरकू नये म्हणून टायमिंग कव्हरमध्ये बटण, आणि स्टीलचा कॅम असेल तर त्याला चालणारा डिस्ट्रिब्युटरचा गिअर. साधा बिडाचा गिअर तिथे स्वतःच खाल्ला जातो. दुसरा कॅम गेला तेव्हाच आम्ही हा हिशोब मांडला असता तर रोलर स्वस्त पडले असते.

ऑक्टोबरात मेहुण्याचा फोन. "दाजी, परत!" हायवेवर चढताना साडेचार हजारांच्या पुढे इंजिन मिसिंग मारतं, खाली आलं की ठीक. टिकटिक? नाही. रॉकर सैल? एकही नाही. फिल्टर? स्वच्छ. वेग वाढला की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतायत, म्हणजे स्प्रिंगचा जोर कमी पडतोय, असं मी त्याला सांगत होतो, आणि सांगता सांगता माझं लक्ष फळीवर गेलं. बरणी तिथेच होती. आत सोळा स्प्रिंगा.